थकलेल्या शरीराला थोडे चालू द्या



पेणहून एका आईचे पत्र आले आहे. मुलगा २४ वर्षांचा. वर्षभरापूर्वी मुंबईत त्याच्या आतड्याच्या आजाराचे नाव ठरले : क्रोन्स. औषधे चालू आहेत, जुलाब आटोक्यात आले आहेत. पण वजन भरत नाही आणि एक जिना चढला तरी तो थकतो. तो म्हणतो, मला रोज चालायचे आहे, जमले तर जिमलाही जायचे आहे. घरातली वडील माणसे म्हणतात, अंगात ताकद आधीच नाही, आहे तीही कशाला घालवतोस? आईचा प्रश्न एका ओळीचा आहे : आम्ही त्याला अडवावे की जाऊ द्यावे?

आमचे उत्तर आधीच सांगून टाकतो. आजार शांत असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर त्याला अडवू नका. उलट त्याच्या चालण्याची सोय घराने करून द्यावी. पेण-रोह्याच्या बाजूला काय, किंवा आणखी कुठे काय, आपल्या घरांत आजारी माणसाची माया करण्याची एकच रीत ठाऊक असते : पडून राहा, आराम कर, पाणी आम्ही आणून देतो. तापात ही माया कामाची. वर्षानुवर्षे सोबत राहणाऱ्या आजारात मात्र हाच आराम हळूहळू माणसाला खाऊन टाकतो. हे कसे, ते या वेळी पाहू.

आजार आहे तरी काय?

न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयातील डॉ. बरिल क्रोन यांनी दोन सहकाऱ्यांसोबत १९३२ साली या आजाराचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून त्याला क्रोन्स म्हणतात. शरीराची जी प्रतिकारशक्ती बाहेरच्या जंतूंशी लढायला असते, तीच आतड्यावर उलटते. आतड्याला सूज येते, व्रण पडतात, काही वेळा आतडे आतून अरुंद होते. तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही हे होऊ शकते. पण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, म्हणजे पोटाच्या उजव्या बाजूला खाली, जास्त आढळते.

हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. एका ताटात जेवल्याने होत नाही. नजर लागून किंवा कुणी काही केल्यामुळेही होत नाही. तो कायमचा घालवणारे औषध अजून नाही, मात्र तो शांत ठेवणारी औषधे आहेत. कधी तो उसळतो, कधी महिने-वर्षे शांत राहतो. सिगारेट ओढणाऱ्याचा क्रोन्स अधिक बिघडतो, ही गोष्ट आता पक्की झाली आहे. घरातल्या इतर पुरुषांनीही त्याच्यासमोर ती पेटवू नये.

आपल्या देशात या आजाराची आणखी एक अडचण आहे. आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दिसायला जवळजवळ सारखे. दोन्ही बहुधा आतड्याच्या त्याच भागात होतात. दोन्हींत पोटदुखी, जुलाब, बारीक ताप आणि वजन घटणे. दुर्बिणीने तपासून, तुकडा काढूनही काही वेळा खात्रीने सांगता येत नाही. म्हणून अनेक रुग्णांना आधी टीबीची औषधे देऊन पाहिली जातात. यात डॉक्टरांची हयगय झाली असे समजू नये. टीबी असताना क्रोन्सची औषधे दिली तर टीबी भडकू शकतो. पण याचा परिणाम असा होतो की आजाराचे खरे नाव ठरेपर्यंत अनेक महिने गेलेले असतात आणि माणूस निम्मा झालेला असतो. पत्रातल्या मुलाचा थकवा इथून सुरू होतो.

ताकद जाते कुठे?

ताकद तीन वाटांनी जाते. पहिली वाट आतड्याची. सुजलेले आतडे अन्नातले सत्त्व नीट शोषत नाही. लोह कमी पडते, रक्त कमी होते. ब-१२ जीवनसत्त्व लहान आतड्याच्या ज्या शेवटच्या भागात शोषले जाते, नेमका तोच भाग या आजारात बिघडतो किंवा शस्त्रक्रियेत काढलेला असतो. म्हणून जिना चढताना धाप लागत असेल तर व्यायाम सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन, लोह, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. रक्तच कमी असेल तर चालून थकवा जाणार नाही. आधी ते भरून काढावे लागेल.

दुसरी वाट स्टेरॉइडची. प्रेडनिसोलोनसारख्या गोळ्या उसळलेला आजार लवकर दाबतात आणि तेव्हा त्या लागतातच. पण महिनोन्‌महिने घेतल्या तर हाडे विरळ होतात, मांड्यांचे आणि दंडांचे स्नायू झडतात. या गोळ्या स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नयेत, त्यात धोका आहे. डॉक्टरांना विचारावे : हाडांची तपासणी करायची का? कॅल्शियम हवे का?

तिसरी वाट अंथरुणाची. न वापरलेला स्नायू काही आठवड्यांतच बारीक होऊ लागतो. हाडांचेही तसेच. त्यांच्यावर भार पडला तरच शरीर त्यांना मजबूत ठेवते. पहिल्या दोन वाटांवर डॉक्टरांचे औषध आहे, तिसऱ्या वाटेवर नाही. ती बंद करणे रुग्णाच्या आणि घराच्याच हातात आहे.

मग चालल्याने आजार उलटणार तर नाही? ही भीती रास्त आहे, आणि तिची तपासणीही झाली आहे. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात बैठे आयुष्य जगणाऱ्या क्रोन्सच्या काही रुग्णांना १२ आठवडे, आठवड्यातून सुमारे तीनदा, अर्ध्या तासाच्या आसपास चालायला लावले. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आजार उसळला नाही आणि रुग्णांना आपले रोजचे जगणे सुधारल्याचे जाणवले. पुढे इंग्लंडमध्ये क्रोन्सच्या रुग्णांकडून सहा महिने ताकदीचे व्यायाम करून घेतले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात स्नायूंची ताकद वाढली, कण्याच्या हाडांची घनता सुधारली आणि थकवा कमी झाला. हे अभ्यास लहान आहेत. व्यायामाने क्रोन्स बरा होतो असे त्यांतून निघत नाही, आणि तसे कुणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण बेताचा व्यायाम शांत आजाराला डिवचत नाही, एवढा धीर त्यांतून नक्की मिळतो.

अमेरिकेची जलतरणपटू कॅथलीन बेकर हिला लहान वयातच क्रोन्स झाला. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिने १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये रौप्य आणि रिले शर्यतीत सुवर्ण मिळवले. २०१८ मध्ये तिने १०० मीटर बॅकस्ट्रोकचा जागतिक विक्रमही केला. आपल्या मुलांनी ऑलिम्पिकला जावे म्हणून हे सांगत नाही. तिला इतर जलतरणपटूंइतका दोन वेळचा सराव झेपत नसे, म्हणून तिचा सराव शरीराला सोसेल इतकाच ठेवला गेला. घेण्याजोगी गोष्ट ती आहे : मोजून, बेताने, पण सोडायचे नाही.

सुरुवात कशी करावी?

पहिल्या आठवड्यात सपाट जागेवर रोज दहा मिनिटे. वेग असा ठेवावा की चालताना सोबतच्या माणसाशी बोलता आले पाहिजे. धाप लागून वाक्य तुटू लागले तर वेग कमी करावा. दुसऱ्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त थकवा वाटला नाही, तर दर तीन-चार दिवसांनी दोन मिनिटे वाढवावीत. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तिथवर पोचायला दोन महिने लागोत की चार, घाई कसलीच नाही. अर्धा तास एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करावेत, तेही तितकेच धरले जातात.

आठवड्यातून दोन दिवस ताकदीचे व्यायाम. त्यासाठी जिम लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि सावकाश बसणे, दहा वेळा. भिंतीला हात टेकून अंग पुढे नेणे आणि मागे ढकलणे, दहा वेळा. ओट्याला धरून टाचा उचलणे. एक लिटरची पाण्याची बाटली म्हणजे जवळजवळ एक किलोचे वजन; ती हातात धरून कोपर वाकवणे. श्वास रोखून जोर लावू नये. हे महिना-दोन महिने जमले, तर पेणच्या मुलाने जिमला खुशाल जावे. मात्र तिथल्या शिक्षकाला आजार सांगून जावे. ताकदीच्या नावाखाली विकली जाणारी डब्यातली पावडर आणि कसली तरी इंजेक्शने डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नयेत. अंग दुखले म्हणून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळीही घेऊ नये. या गोळ्यांनी आतड्याचा आजार उसळू शकतो.

वेळ कोणती? आपल्याकडे फजरनंतर चालण्याची चाल आहे आणि ती चांगली आहे. पण क्रोन्सच्या कितीतरी रुग्णांना सकाळीच चार वेळा उठावे लागते. अशांनी असरनंतर चालावे. जेवण होऊन दीड-दोन तास झालेले असावेत. कोकणातल्या दमट हवेत घाम भरपूर जातो. जुलाब होणाऱ्याच्या अंगातून पाण्याबरोबर मीठही जाते, म्हणून नुसते पाणी पुरत नाही. ओआरएसची पुडी तिच्यावर लिहिलेल्या मापाने पाण्यात मिसळून जवळ ठेवावी. ॲझाथायोप्रीन घेणाऱ्यांनी उन्हात डोके आणि हात झाकावेत.

संडासाचा प्रश्न

आता त्या गोष्टीकडे येऊ जी पत्रात लिहिलेली नाही, पण बहुतेक रुग्णांच्या मनात पहिली असते. पाय थकतील याची भीती नसते, वाटेत एकदम लागली तर काय, याची असते. एकदा बाजारात किंवा एस.टी.त फजिती झालेला माणूस पुन्हा घराबाहेर पडायला धजत नाही. घरच्यांना वाटते, आळस करतो आहे.

उपाय साधा आहे : रस्ता संडास पाहून ठरवावा. मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेने लांबवर जाऊ नये. तिथे वाहनांचा धोका आहे आणि आडोसाही नाही. मोहल्ल्यातल्या मशिदीजवळून जाणारी फेरी आखावी. मशिदीत शौचालय आणि वजूखाना असतो, आणि नमाजच्या आगेमागे तो उघडा असतो. मामूंचे घर, ओळखीच्या माणसाचे दुकान, एस.टी. स्थानक, अशी तीन-चार ठिकाणे मनात धरून गोल फेरी मारावी. सरळ दूर जाऊन परत येण्यापेक्षा घराभोवतीच चार फेऱ्या माराव्यात, म्हणजे कुठूनही घर पाच मिनिटांवर राहते. छोट्या पिशवीत पाण्याची बाटली, कागदी रुमाल आणि कपड्यांचा एक जोड ठेवावा. बहुतेक वेळा तो जोड लागत नाही. पण तो जवळ आहे एवढ्यानेच पाऊल बाहेर पडते.

खारेपाटातल्या गावांत राहणाऱ्यांना हिवाळ्यात बांधावरून चालायला छान वाटते, पण पावसात तोच बांध निसरडा होतो. स्टेरॉइडने हाडे विरळ झालेल्या माणसाने पडणे परवडत नाही. पेण शहरात गणपतीच्या आधी मूर्ती नेणाऱ्या गाड्यांची गर्दी असते, तेव्हाही रस्ता टाळावा. पावसाचे चार महिने पडवीत, ओटीवर किंवा इमारतीच्या जिन्याखालच्या मोकळ्या जागेत फेऱ्या माराव्यात. पडवी वीस पावलांची असेल तर पन्नास फेऱ्यांत हजार पावले होतात.

जमातीच्या जबाबदार मंडळींनाही आमची एक विनंती आहे. मशिदीच्या शौचालयात एक तरी कमोड आणि भिंतीला धरायला दांडा बसवा, आणि ते दिवसा उघडे ठेवा. क्रोन्सचेच नव्हे, मधुमेहाचे, प्रोस्टेटचे आणि गुडघेदुखीचे किती तरी वडीलधारे त्यासाठी दुआ देतील.

आणि मुली?

मुलाला जिमला जायचे आहे, म्हणून निदान प्रश्न तरी विचारला गेला. हाच आजार घरातल्या मुलीला असेल, तर बहुधा तो लपवला जातो. स्थळे येतील का, लोक काय म्हणतील, म्हणून तिने बाहेर चालणे सोडाच, डॉक्टरांकडेही गुपचूप जायचे. बायकांसाठी वाटेत शौचालय मिळणे तर आणखी अवघड. अशा मुलीसोबत अम्मीने, आपाने किंवा खालाने असरनंतर फेरीला निघावे. ते जमत नसेल तर गच्ची आहे, अंगण आहे. मुलींच्या हाडांचा पाया तरुण वयातच भरला जातो. त्या वयात स्टेरॉइडही आणि कोंडून घेणेही, असे दोन्ही झाले तर त्याची किंमत तिला पुढे मोजावी लागते. आजार शांत असलेल्या स्त्रिया लग्न करतात, त्यांना मुले होतात. मूल हवे असेल तेव्हा औषधांबाबत आधी डॉक्टरांशी बोलावे, इतकेच. लपवून लावलेल्या लग्नापेक्षा सांगून जुळलेले लग्न बरे.

नमाज, रोजा आणि व्यायाम

काही जण म्हणतात, पाच वेळची नमाज पढतो, वेगळा व्यायाम कशाला? नमाज ही इबादत आहे. तिच्यात अंग हलते हा तिचा हेतू नाही. बेताच्या चालण्याची गरज तिने भागत नाही. पण मशिदीपर्यंत पायी गेल्याने नक्कीच थोडी भागते! आजार उसळलेला असताना बसून नमाज पढण्याची सवलत आहे. वजू टिकत नसेल त्याच्यासाठीही शरीअतमध्ये मार्ग आहे. तो संकोच न करता आपल्या मसलकच्या आलिमांना विचारावा. रमजानमध्ये आजारी माणसाला रोज्याची सवलत कुरआननेच दिली आहे. आजार शांत असलेले काही जण रोजा ठेवू शकतात, काहींना तो झेपत नाही. ज्यांना वारंवार जुलाब होतात किंवा ज्यांचे आतडे कापलेले आहे, त्यांच्या शरीरात पाणी झपाट्याने कमी होते. हा निर्णय शाबानमध्येच डॉक्टर आणि आलिम या दोघांना विचारून घ्यावा. रोजा असेल तेव्हा चालणे इफ्तारनंतर ठेवावे.

केव्हा थांबावे?

ताप, शौचातून रक्त, वाढती पोटदुखी, जुलाब अचानक वाढणे : यांपैकी काही असेल तर व्यायाम बंद आणि डॉक्टरांना फोन. पोट फुगून उलट्या होत असतील आणि शौच, गॅस दोन्ही बंद असतील, तर आतडे अडल्याची शंका असते. तेव्हा थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे. आजार उसळलेला असताना रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, म्हणून अंथरुणातही पावले वर-खाली हलवत राहावे, घरातल्या घरात दोन फेऱ्या माराव्यात. एक पोटरी सुजली, दुखू लागली किंवा एकाएकी दम लागला, तर तातडीने दाखवावे. स्टेरॉइड घेणाऱ्याची जांघ चालताना सारखी दुखत असेल, तर खुब्याचे हाड तपासून घ्यावे. पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल तर साधारण सहा ते आठ आठवडे, किंवा सर्जन सांगतील तोवर, जड उचलू नये. हंडा-कळशी आणि गॅसचा सिलिंडरही त्यात आले. भगंदर असलेल्याने सायकल टाळावी, चालावे.

पेणच्या बहिणीला शेवटी एवढेच सांगू. तुमचा मुलगा रोज सारखा चालणार नाही. एखाद्या दिवशी अर्धा तास जाऊन येईल, दुसऱ्या दिवशी दारातूनच परत फिरेल. त्या दुसऱ्या दिवशी त्याला "बघ, सांगितले होते ना" म्हणू नका. शक्य झाले तर त्याच्या अब्बांनी पहिला महिनाभर त्याच्यासोबत जावे. सोबतीला माणूस असला की भीती अर्धी होते, आणि अब्बांच्याही गुडघ्यांना फायदा होईल. शरीर ही अल्लाहने दिलेली अमानत आहे. तिची काळजी घेण्यात आराम जितका येतो, तितकेच तिला कामाला लावणेही येते. अल्लाह तुमच्या मुलाला आणि घरोघरीच्या सर्व रुग्णांना शिफा देवो. आमीन.